झरीची कढी

माझं लग्न होऊन मी मानवतला गेले, तेव्हा त्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नाही असं मी धरून चालले होते. आमच्या घरातलं माणूस त्या बाजूला कधी गेलेलं नव्हतं. सोयरीक आमच्या मठाच्या स्वामींनी जुळवलेली. झरीहून बैलगाडीनं परभणी, परभणीहून निजामाच्या रेल्वेनं मानवत रोड, तिथून टांग्यानं गाव. सोळा वर्षांची होते मी. टांग्यात अवघडून बसल्या बसल्या मनाची समजूत घालत होते, की कुणी ओळखीचं नाही तेच बरं. झरीत लहानपणापासून मला सगळे हट्टी म्हणायचे. मानवतला ते कुणाला ठाऊक नसणार.

माझ्याबद्दल खरंच कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण माझी माय तिथं माझ्याआधी पोचली होती, आणि कशी पोचली होती ते कळलं तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, म्हणून हे लिहिते.

सासरचं घर पेठेत होतं. पुढं कापडाचं दुकान, मागं राहायचं घर. लढाईचे दिवस होते, कापड मोजून मिळायचं, त्यामुळं दुकानाच्या ओट्यावर दिवसभर माणसं बसलेली. कुणी कापडाची नवी गाठ सुटली का विचारायला यायचं, कुणी नुसतं बोलायला. घरात सासरे, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाणी पीत नसे. ती रीत आमच्याकडं होतीच, तेवढ्या एका बाबतीत मला माहेरी असल्यासारखं वाटायचं.

पाचव्या की सहाव्या दिवशी पुरुषांची पंगत बसली होती. जाऊबाईंनी येसराची आमटी वाढली. ती थोडी पातळ झाली होती. सासऱ्यांनी वाटी हलवून आत बघितलं आणि म्हणाले, "आज झरीची कढी केली का काय?"

थोरले दीर हसले. माझा नवरा हसला आणि माझ्याकडं लक्ष जाताच गप्प झाला. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "लाजू नगं, पोटभर घे. घे, घे."

मी भाकरीची दुरडी घेऊन उभी होते, तिथंच उभी राहिले. हे माझ्या मायचे शब्द होते. ताटावर बसलेल्या माणसाला ती हेच म्हणायची, आणि शेवटचा शब्द असाच दोनदा म्हणायची, दुसऱ्यांदा जरा खालच्या आवाजात. सासूबाईंनी मायला लग्नात पाहिलं होतं तेवढंच, आणि लग्नात माय रडण्यापलीकडं काही बोलली नव्हती. मग हे शब्द यांच्याकडं आले कुठून?

दुपारी भांडी घासताना मी जाऊबाईंना विचारलं.

"तुला ठाऊक न्हाई? तू झरीचीच की," त्या म्हणाल्या. "मास्तर सांगतेत ना ती गोष्ट. इथं सरकारी मदरशात, निजामाच्या शाळेत, शिकवतेत ते मास्तर. ल्हान असताना झरीला शिकायला होते. मठात ऱ्हायचे आन सात वारी सात घरी जेवायचे. मंगळवारच्या घरची बाई लय चिंगूस. कढी अशी वाढायची की वाटीत माळवदाच्या तुळया दिसाव्यात. मास्तर त्या मोजायचे आन मग प्यायचे. आन ती बाई हातात पळी घेऊन म्होरं उभी. लाजू नगं म्हणायची, पोटभर घे. घे, घे."

जाऊबाई हसता हसता थांबल्या. "सगळ्या गावात म्हणतेत आता. काही पातळ झालं की झरीची कढी. तुमच्याकडची कोण बाई होती गं ती? तू वळखत असशील."

"न्हाई," मी म्हणाले.

सासरच्या घरात मी बोललेलं ते पहिलं खोटं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी स्वतःला समजावत काढले. झरी मोठं गाव आहे. घे घे म्हणणारी दुसरीही कुणी बाई असेल. मठातले विद्यार्थी काय एकाच घरी जात होते का? आणि खोटं कशाला बोलू, मला मनातून थोडा आनंदही झाला होता. ज्या गावात मला रस्ता ठाऊक नव्हता, विहीर ठाऊक नव्हती, त्या गावात झरीच्या शाळेत बसलेलं, मठाचा ओटा पाहिलेलं एक माणूस होतं. ते एकदा नजरेला पडावं असं मला फार वाटत होतं.

मग एका दुपारी मास्तर आले. ओट्यावर ताडकळसचं एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्यानं ही गोष्ट ऐकली नव्हती. सासऱ्यांनी आग्रह केला, "मास्तर, यांना ती मंगळवारची सांगा की." मला पानाचं तबक बाहेर द्यायचं होतं. मी दाराआड उभी राहिले आणि फटीतून पाहिलं.

पाहताक्षणी ओळखलं. तोच. पुढं आलेले कान आणि बोलताना मान एका बाजूला करायची तीच सवय. आमच्या घरी त्याला नावानं कुणी हाक मारली नव्हती, मंगळवारचा असंच म्हणायचे. वर्षभर, दीड वर्ष असेल, दर मंगळवारी तो आमच्या सोप्यात जेवला होता.

आता तो मास्तर झाला होता आणि सांगत होता. सांगायची हातोटी चांगली होती, ते नाकारता येणार नाही. वाटी हातात धरल्यासारखी करून त्यानं तुळया मोजल्या. एक, दोन, तीन. मग कमरेवर हात ठेवून माझ्या मायचा आवाज काढला. तिच्या आवाजात थोडं नाकातलं होतं, तेही काढलं. ताडकळसचा माणूस डोळे पुसत हसत होता. माझे सासरे हसत होते, आणि माझा नवराही.

मी तबक तिथंच जमिनीवर ठेवून आत गेले आणि जात्यापाशी बसले.

त्या मंगळवारांबद्दल मला जे ठाऊक आहे ते आता सांगते. आमची एकच म्हैस होती आणि ती त्याच वर्षी घटसर्पानं मेली. त्यानंतर आमच्या घरात ताक बंद झालं. पण मंगळवारी माय शेजारून लोटाभर ताक मागून आणायची आणि कढी करायची, ती त्याच्यासाठी. इतर दिवशी आम्ही ठेच्याशी नाहीतर जवसाच्या चटणीशी भाकरी खायचो. मंगळवारची कढी ती तळातून ढवळून, घट्ट घट्ट, आधी त्याच्या वाटीत घालायची. मग आजोबांच्या. उरली तर माझ्या. बहुतेक वेळा उरायची नाही. मी आठ वर्षांची होते. एकदा मी म्हणाले, मला का न्हाई? माय म्हणाली, "त्याची माय त्याच्यापाशी न्हाई. तुझी हाय."

मला ते पटलं नाही. मी त्याचा दुस्वास करायचे. तो येताना दिसला की परसात जाऊन बसायचे.

आणि एका मंगळवारी मी त्याच्या कढीत पाणी घातलं.

माझा धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. माय त्याला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. मंगळवारच्याचं ताट तिनं वाढून झाकून ठेवलं होतं आणि मला सांगितलं होतं, आला की म्होरं ठेव. मी झाकण काढलं. वाटीतली अर्धी कढी उभ्या उभ्या पिऊन टाकली आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं. त्याला ती आवडू नये आणि त्यानं येणं बंद करावं, एवढाच विचार होता. तो आला, बसला. मी ताट ठेवलं. त्यानं वाटीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आतून मायचा आवाज आला, "लाजू नगं, पोटभर घे. घे, घे." त्यानं वाटी तोंडाला लावली आणि सगळं पिऊन टाकलं. हात धुतले, नेहमीसारखा आत बघून नमस्कार केला आणि गेला.

पुढच्या मंगळवारी तो परत आला आणि कढी नेहमीसारखी घट्ट होती. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझी मीही विसरून गेले होते.

जात्यापाशी बसून मला सगळं आठवलं तेव्हा माझा राग कमी व्हायला हवा होता. पाणी माझंच होतं. पण तो दुप्पट झाला. दीड वर्षातला एक मंगळवार त्यानं उचलला होता आणि बाकीचे सगळे टाकून दिले होते. ज्या बाईनं मेलेल्या म्हशीनंतर ताक मागून आणलं, तिच्या हातात त्यानं पळी दिली आणि तिला ताटासमोर उभी केली. ती तर तिथं नव्हतीच. तिथं मी होते. त्याला हे ठाऊक होतं, त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं होतं.

मी नवऱ्याला सांगितलं. पाणी घातल्याचं नाही, तेवढा धीर नव्हता. एवढंच म्हणाले, की ती मंगळवारची बाई माझी माय आहे आणि मास्तर खोटं सांगतात. नवरा स्वभावानं मऊ होता. तो म्हणाला, "गमतीची गोष्ट हाय ती. कुणाचं नाव घेतेत का ते? तू सांगितलं न्हाईस तर कुणाला कळायलंय?"

"मला कळलंय," मी म्हणाले.

त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते असं.

श्रावणात आमच्याकडं स्वामींची पाद्यपूजा झाली. स्वामी जेवून गेल्यावर घरच्यांची आणि जवळच्या चार जणांची पंगत बसली. मास्तरही होते. त्या दिवशी स्वयंपाकात कढी होती आणि वाढायला मी होते. मास्तरांच्या पुढ्यात मी वाटी ठेवली तशी सासरे म्हणाले, "मास्तर, बघून घ्या बरं का. सून झरीची हाय आमची."

मास्तरांनी वाटी उचलली, वर माळवदाकडं बघितलं, पुन्हा वाटीत बघितलं. एक, दोन. पंगत हसायला लागली. मग तो आवाज. "लाजू नगं, पोटभर—"

"कढीत पाणी माझ्या मायनं घातलं न्हवतं," मी म्हणाले. "मी घातलं होतं. माय आत होती, माझ्या भावाला घिऊन. तुमाला ठाऊक हाय ते. तो एकच मंगळवार होता. बाकीच्या मंगळवारी काय खाल्लं तेबी सांगा."

त्या काळी सोळा-सतरा वर्षांच्या सुनेनं पंगतीत, परक्या पुरुषापुढं, सासऱ्यासमोर एवढं बोलणं म्हणजे काय ते आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. कुणी घासही उचलला नाही. मास्तरांनी वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस कबूल करेल. आणि मग ते हसले.

"घ्या," ते पंगतीकडं वळून म्हणाले, "इतकी वर्षं मी बाईला बोल लावायलोय, आन चोर निघाली तिची लेक."

अख्खी पंगत खो खो हसली. जेवण पुढं चालू झालं.

आठ दिवसांत ती गोष्ट नवा शेवट लावून पेठेत फिरली. आता तिच्यात मी होते. विहिरीवर बायका मला वाट द्यायच्या आणि म्हणायच्या, "सरा गं, पाणी घालणारी आली." सासूबाईंनी माझं वाढणं बंद केलं. महिनाभर मी पुरुषांसमोर गेले नाही. "तोंड लय चालतंय हिचं," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. म्हणजे झरीत जसं नाव माझ्यामागं लागलं होतं तसं मानवतलाही लागलं. नवरा म्हणाला, "गप बसली असतीस तर लोक इसरले असते."

मी विचारलं, "तुमच्या मायचा आवाज कुणी ओट्यावर काढला असता तर तुमी गप बसला असता का?"

तो कूस बदलून झोपला.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात माय मला बाळंतपणाला न्यायला मानवतला आली. पहिल्यांदाच आली होती. बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि व्याह्यांसाठी विभूतीच्या वड्या. मी तिला टांग्यातून उतरवून घेतलं तेव्हापासून माझी नजर शेजारच्या दाराकडं होती. शेजारच्या घरातली बाई लगेच आली. माय चहा घेत होती. तिनं अजून थोडा नको म्हटलं तशी ती बाई डोळे मिचकावून म्हणाली, "असं कसं विहीणबाई. लाजू नगं, पोटभर घे. घे, घे."

माझी माय हसली. खुलून हसली. माझ्याकडं वळून म्हणाली, "माझं बोलणं इथंवर आणलंस व्हय गं?"

तिला वाटलं, लेकीला आपली आठवण येते म्हणून ती आपले शब्द बोलत असेल आणि शेजारणींना ते आवडले असतील. ती त्या बाईकडं कौतुकानं बघत होती. ती बाई हसू दाबत बाहेर पळाली. माझ्या आयुष्यात मला कुणाचा इतका संताप आला नसेल, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

मी मायला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. मास्तर, तुळया, पळी, पेठ. मग पाण्याचं. काही लपवलं नाही.

मला वाटलं, गावभर झालेली नाचक्की तिला लागली असेल. ती म्हणाली, "त्यानं ते पाणी पिलं?"

"हो."

"आन तसाच गेला. उपाशी."

"एकच दिवस माय."

"माझ्या घरून लेकरू उपाशी गेलं," ती म्हणाली. "मी आतून घे घे म्हणायले आन ते पाणी प्यायलंय. आन तू बघत उभी."

गावानं तिचं काय केलं त्याचं तिला काहीच नव्हतं. तिचा राग सगळा माझ्यावर होता. मी म्हणाले, तो माणूस तुझा आवाज काढून लोकांना हसवतो, मी तुझ्यासाठी पंगतीत तोंड उघडलं, महिनाभर शिक्षा भोगली. ती म्हणाली, "तू तुझ्यासाठी उघडलंस." आणि पाठ फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना सांगितलं, मास्तरांना बोलवा. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण विहिणीचा शब्द मोडवेना. मास्तर मदरसा सुटल्यावर आले. उंबऱ्यातच मायला बघून थबकले. मग वाकले, "शरणार्थ, काकू."

"बस," माय म्हणाली. "त्या दिवशी तुला तोंड न्हवतं का रे?"

मास्तर भिंतीला टेकून बसले.

"अख्ख्या मानवतात बोलतूस म्हणं. माझ्या घरात का बोलला न्हाईस? काकू, कढीत पाणी हाय, एवढं म्हणायला काय झालं होतं? मी दुसरं काही दिलं असतं. हिला चार रट्टे दिले असते."

"वार तुटंल वाटलं," मास्तर म्हणाले. "सोमवारच्या घरी एकदा भाकरी कच्ची हाय म्हणालो, तर त्यांनी वार बंद केला. सोमवारी उपाशी ऱ्हायचो मी. मंगळवार गेला असता तर सलग दोन दिवस झाले असते."

माय त्यांच्याकडं बघत राहिली. मी मध्येच बोलले. मला राहवलं नाही. "मग सोमवारच्या घराची गोष्ट का सांगत न्हाई लोकांना?"

"तिच्यात हसू न्हाई," ते म्हणाले.

मग मान खाली घालून त्यांनी सांगितलं, की मानवतला नोकरीवर आले तेव्हा त्यांनाही कुणी ओळखत नव्हतं. एकदा कुणाच्यातरी ओट्यावर ही गोष्ट सांगितली, लोक हसले, आणि त्या दिवशी त्या घरी जेवायला बसवलं. मग दुसऱ्या घरी सांगितली. लोक बोलवायला लागले. गोष्ट सांगता सांगता तिच्यात पळी आली, तुळया आल्या.

"ही माझी लेक हाय ते कळलं होतं का तुला?" मायनं विचारलं.

"लग्न ठरलं तव्हाच कळलं होतं. पण लोक मागून घ्यायचे गोष्ट. न्हाई म्हणता येईना."

मी त्यांच्याकडून हे सगळं ऐकलं आणि मला ते समजलंही. नव्या गावात एकटं पडणं काय असतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मीही त्याच गावात एकटी होते आणि मी कुणाच्या मायला विकून ओळखी केल्या नव्हत्या. मी तसं म्हणालेही. मायनं मला गप बस म्हटलं. मग तिनं स्वतः उठून त्यांना धपाटे आणि चटणी वाढली. ते जेवताना तिनं घे घे म्हटलं नाही. नुसती बघत बसली, ताट संपेपर्यंत.

आम्ही झरीला निघालो. रेल्वेत ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही कामापुरतंच बोलायची. माझं बाळंतपण तिनं नीट केलं, शेक-शेगडी, खाणंपिणं, कशात कमी नाही. पण मनमोकळं बोलणं बंद होतं ते मुलगी तीन महिन्यांची होईपर्यंत. मास्तर मात्र दिवाळीच्या सुट्टीत झरीला येऊन तिच्या हातचं जेवून गेले आणि पुढं दरवर्षी येत राहिले. त्यांनी ती गोष्ट सांगणं सोडलं, हे मी मान्य करते. माय त्यांना मुलासारखं मानायला लागली. त्यांचं जुळलं. माझं त्यांच्याशी कधी जुळलं नाही. समोर आले तर मी पदर सावरून आत जायचे, आणि त्यात लाज नव्हती.

त्यांनी सोडली म्हणून गोष्ट थांबली नाही. ती आता सगळ्यांची झाली होती. काही पातळ झालं की झरीची कढी, माझ्या मुलीला दूध पातळ दिलं तरी झरीची कढी.

मग गडबडीचं वर्ष आलं. निजामाचं राज्य राहतं की जातं अशी वेळ होती. पेठ लुटणार अशा आवया रोज उठायच्या, रस्त्यानं हत्यारबंद माणसं फिरायची. सासऱ्यांनी दुकानाला कुलूप घातलं. कुठं जावं तर झरीला जावं असं ठरलं, कारण माझ्या माहेरचं घर गावाच्या आतल्या अंगाला होतं आणि जागा होती. माझं सगळं सासर चार महिने माझ्या मायच्या घरी राहिलं. तोवर तिच्याकडं पुन्हा म्हैस आली होती. सासरे तिच्या हातची कढी रोज जेवत होते. दोन-दोन वाट्या घ्यायचे. माय दाराआडून म्हणायची, लाजू नगं, पोटभर घे म्हणावं त्यांना. घे, घे. सासरे मान खाली घालून जेवायचे. सासूबाई मायच्या बरोबरीनं चुलीपाशी बसायच्या, तिला अक्का म्हणायच्या. चार महिन्यांत 'झरीची कढी' या दोन शब्दांची कुणी आठवणही काढली नाही. मला वाटलं, चला, संपलं.

हिंदुस्थानची फौज आली, निजाम गेला, आम्ही मानवतला परतलो. दुकान शाबूत होतं. घर झाडून-सारवून आम्ही नीट राहायला लागलो त्याला महिनाही झाला नसेल. एका दुपारी पुरुष जेवायला बसले होते. जाऊबाईंची कढी जरा पातळ झाली. सासऱ्यांनी वाटी हलवली, आत बघितलं आणि थोरल्या दिरांना म्हणाले, "झरीची कढी झाली की आज."

थोरले दीर हसले.

मी वाढत होते. हातातली दुरडी खाली ठेवली. पुढं झाले आणि सासऱ्यांच्या पुढची वाटी उचलली. मग दिरांची. मग नवऱ्याची, तोही ओठ दाबून हसत होता म्हणून. तिन्ही वाट्या नेऊन परसात बांधलेल्या म्हशीच्या घमेल्यात ओतल्या, घासल्या आणि पालथ्या घातल्या. मी परत आले. सासूबाईंनी तोंड उघडलं होतं, माझ्याकडं बघून मिटलं.

सासऱ्यांनी उरलेली भाकरी चटणीशी खाल्ली आणि हात धुवायला उठले.